गाडीपर्यंतची वाट

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. वहिनीचा फोन म्हणजे पहिली वीस-पंचवीस मिनिटं पाऊस, द्राक्षाचा भाव, कुणाच्या सुनेचं काय झालं, आणि मग ठेवता ठेवता शेवटच्या दोन मिनिटांत मूळ विषय. मूळ विषय असा होता की आमचा भाचा नोकरी करता करता ऑनलाइन डिग्री करायची म्हणतोय. कॉलेजात जायचं नाही, वर्ग नाही, सगळं घरी बसून लॅपटॉपवर.

"वन्सं, तुम्ही तिकडं तेच शिकवता. तुम्हीच सांगा, असं शिकून पोरगं खरंच शिकतं का? का नुसता कागद मिळतो?"

मी म्हटलं, "शिकतं की वहिनी. इकडे लाखो मुलं शिकतात."

फोन ठेवला आणि रात्री झोप येईना. कारण उत्तर खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. म्हणून आज जरा बैजवार लिहितेय. वहिनी, तुम्हीही वाचा. लांबलंय, चहा घेऊन बसा :)

जे नव्याने इकडे आलेत त्यांच्यासाठी: मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, फ्रेस्नोच्या जवळपासच्या एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. मूळची तासगावची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, तेव्हा वाटलं होतं अमेरिका म्हणजे उंच इमारती. आणि पाहते तर काय, द्राक्षाच्या बागा! तीच थॉम्सन सीडलेस. जवळच सेल्मा नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची बेदाण्याची राजधानी म्हणवतं. (हे आबांना सांगितलं तेव्हा ते फक्त हसले होते. तासगावकराला कुणी बेदाणा शिकवायचा नाही.) फरक एवढाच की आपल्याकडे शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत वाळवतात, आणि इथे ऑगस्ट-सप्टेंबरात घड तोडून दोन ओळींच्या मधे जमिनीवरच कागद पसरून उन्हात टाकतात. ते घड तोडणारे हात मेक्सिकन. आणि त्या हातांची पोरं माझ्या वर्गात.

सरकारी कागदावर त्यांना 'हिस्पॅनिक' म्हणतात, हल्ली 'लॅटिनो' जास्त चालतं. मुलं स्वतः विचारलं तर सरळ 'मेक्सिकन' सांगतात, जरी जन्म इथल्याच हॉस्पिटलातला असला तरी. हा वंश नाही, रंग नाही, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांशी असलेलं नातं आहे. माझ्या वर्गात गोरी लॅटिनो मुलगी असते आणि आपल्या कोल्हापूरच्या रस्त्यावर सहज खपून जाईल असा पोरगाही असतो. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत, वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी, आणि त्यातले जवळजवळ निम्मे लॅटिनो. एका युनिटला ४६ डॉलर फी, गरीब घरच्यांना तीही माफ. म्हणजे दार सताड उघडं आहे. आत आल्यावर किती जण दुसऱ्या दारातून डिग्री घेऊन बाहेर पडतात, हा पुढचा प्रश्न.

आता ऑनलाइनचं. हा विषय कोविडमुळे आला असं लोकांना वाटतं. तसं नाही. फ्लोरिडात फिग्लिओ, रश आणि यिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्याच्या कितीतरी आधी एक साधा प्रयोग केला होता, २०१० मध्ये त्यांचा निबंध आला. विद्यापीठातला सूक्ष्म अर्थशास्त्राचा पहिला मोठा वर्ग. शिक्षक एकच, लेक्चर एकच, परीक्षा एकच. काही मुलांनी वर्गात बसून ऐकायचं, काहींनी त्याच लेक्चरचं चित्रण इंटरनेटवर बघायचं. आणि कुणी कुठे बसायचं हे मुलांनी ठरवायचं नाही, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. (संख्याशास्त्रवाल्यांना अशा प्रयोगाचं फार प्रेम असतं. कारण एरवी 'ज्यांना जमतं तेच ऑनलाइन घेतात' किंवा 'ज्यांना वेळ नाही तेच घेतात' ही भानगड मधे येते, आणि मग आकड्यांवरून काहीच ठामपणे सांगता येत नाही.) सगळ्या वर्गाचा मिळून फरक फार नव्हता, थोडासाच, वर्गात बसणाऱ्यांच्या बाजूने. पण तीन गटांत तो चांगलाच ठळक होता. मुलगे, आधीपासून मार्क कमी असलेली मुलं, आणि हिस्पॅनिक मुलं. चित्रण बघणारी हिस्पॅनिक मुलं वर्गात बसणाऱ्या हिस्पॅनिक मुलांच्या जवळजवळ एक अख्खी ग्रेड मागे होती. म्हणजे बीच्या जागी सी.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रागच आला होता. वाटलं, म्हणजे काय, या पोरांना स्क्रीनवरून कळत नाही असं म्हणायचंय का यांना? शिवाय तो एकाच विद्यापीठातला एकच विषय, मुलंही फार नाहीत, आणि 'ऑनलाइन' म्हणजे नुसतं लेक्चर बघणं. मी तो बाजूला ठेवून दिला.

मग २०१४ मध्ये आमच्याच राज्याचा अभ्यास आला. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संस्थेचा, कम्युनिटी कॉलेजांचा. त्यात निघालं की मुलांमधले बाकीचे फरक हिशेबात धरले तर ऑनलाइन कोर्स पास होणाऱ्यांचं प्रमाण वर्गातल्यापेक्षा ११ ते १४ टक्क्यांनी कमी पडतं. आणि लॅटिनो व कृष्णवर्णीय मुलांची गोऱ्या मुलांशी जी तफावत आधीच असते, ती ऑनलाइनमध्ये आणखी रुंदावते. पण त्याच अहवालात एक उलटी गोष्ट होती. ज्या मुलांनी काही कोर्स ऑनलाइन घेतले, ती डिग्रीपर्यंत किंवा चार वर्षांच्या विद्यापीठापर्यंत पोचण्याची शक्यता, फक्त वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा जास्त होती!

हे कोडं मी दर सत्रात वर्गात घालते. एकेक कोर्स बघितला तर ऑनलाइन वाईट, अख्खा प्रवास बघितला तर बरं. कसं काय? मुलंच उत्तर देतात. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला होता, "मिस, बस चुकली तर चालत जाणारा पोचतो ना." म्हणजे हवा तो कोर्स संध्याकाळी नसेल, कामाच्या वेळेशी भांडत असेल, तर एक सत्र वाया जातं. ऑनलाइनने ते वाचतं. पाय दुखतात, पण पोचतो. मला याहून चांगलं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मार्च २०२० मध्ये सगळ्यांनाच चालत जावं लागलं. त्यावर इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटपते. कॅमेरे बंद. काळे चौकोन आणि पांढरी नावं. बीजगणिताची उत्तरं फोनवर अंगठ्याने टाइप केलेली, वर्गमूळ कुठे संपतं तेच कळू नये. एक मुलगा आमच्याच कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वायफाय पकडायचा, त्याच्या मागे पार्किंगचा खांब क्रमांक मला पाठ झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सालिनासमधल्या दोन लहान मुलींचा फोटो देशभर फिरला, टॅको बेलच्या बाहेर फुटपाथवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या, तिथल्या वायफायसाठी. लोकांना धक्का बसला. आम्हाला नाही बसला.

इथपर्यंत मी चांगल्या माणसांच्या बाजूला आहे. पुढचं सांगायला जरा जड जातंय.

२०२२ च्या उन्हाळ्यात आबांचं दुखणं वाढलं. दादाचा फोन आला, "येऊन जा." येऊन जा म्हणजे काय ते मला कळलं. त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी विचारलं की सप्टेंबरच्या सत्रात तुझे दोन वर्ग आहेत, संध्याकाळचा वर्ग प्रत्यक्ष ठेवायचा की ऑनलाइन करायचा? साथ ओसरत होती, मुलं परत यायला लागली होती. दोन्हीला विद्यार्थी मिळाले असते. मी म्हटलं, दोन्ही ऑनलाइन. आणि बैठकीत कारण काय दिलं? की आपल्या विद्यार्थ्यांना लवचिकता हवी आहे. किती गोड शब्द आहे ना, लवचिकता? ती मला हवी होती. आबांबद्दल विभागप्रमुखांशी नंतर बोलले, त्यांनी तिकडून शिकवायला हरकत घेतली नाही, पण बैठकीत मी विद्यार्थ्यांचंच नाव पुढे केलं.

तर मी ते सत्र तासगावहून शिकवलं. इथे संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे पहाटेचे साडेपाच. माडीवरच्या खोलीत टेबल लावून बसायचे. लेक्चर आधीच चित्रित करून कॅनव्हसवर टाकलेली, मी फक्त शंकांच्या वेळेला हजर. खाली आबांचा खोकला, बाहेर कोंबडा. एकदा एका मुलाने माइक चालू करून विचारलं, "मिस, तुमच्याकडेपण कोंबडा आहे?" आणि मागून त्याच्याही घरातला कोंबडा ओरडला! बाकी सगळे हसले. कॅमेरे तेव्हाही बंदच होते, पण हसणं ऐकू आलं. त्या सत्रातला तो सगळ्यात चांगला क्षण.

मला ते सत्र मिळालं म्हणून आबांचे शेवटचे अडीच महिने मिळाले. पहाटे वर्ग संपवून खाली जायचे, त्यांना चहा द्यायचे. ते विचारायचे, "झाली का गं शाळा?" त्यांच्या लेखी मी कॉलेजात नाही, शाळेतच शिकवत होते. बागेची ऑक्टोबर छाटणी चालू होती, ती त्यांना खिडकीतून दिसायची, आणि मजुराने काडी कुठे कापली यावर त्यांची टीका चालायची. हे अडीच महिने मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही. हे आधी स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी समजूत घालायला येऊ नये.

आता 'म'बद्दल. नाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदललेत. म आधीच्या वसंत सत्रात माझ्याकडे प्रत्यक्ष वर्गात होती, आमच्या तयारीच्या कोर्सला. दुसऱ्या ओळीत भिंतीकडे बसायची. वर्गात चकार शब्द नाही. "काही शंका?" म्हटलं की मान खाली. पण वर्ग सुटला की दप्तर आवरायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लावायची. मी निघाले की बरोबर निघायची आणि गाडीपर्यंत चालत यायची. ती पाच-सात मिनिटं. सुरुवातीला हवापाण्याचं काहीतरी, मग दिव्याच्या दुसऱ्या खांबापाशी आलं की, "मिस, ते प्रमाण विचलन म्हणजे..." आणि मग गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून आमचं चालायचं. किती संध्याकाळी मी दार उघडून चावी हातात धरून मध्यमान समजावलंय, विचारू नका. नवरा म्हणायचा, तुझा वर्ग सव्वाआठला संपतो आणि तू नऊला घरी कशी?

म सकाळी फळांच्या पॅकिंगमध्ये कामाला. आई-बाबा दोघं शेतात. धाकटे दोन भाऊ. घरात इंग्रजी नीट येणारी मोठी हीच, म्हणजे दवाखान्यात दुभाषी ही, विजेचं बिल हिच्याकडे, भावांच्या शाळेतून फोन आला तर तो हिलाच. बी घेऊन पास झाली. पुढचा कोर्स संख्याशास्त्राचा, "मिस, तुमच्याकडेच घेते." आणि माझ्याकडे होता तो फक्त ऑनलाइन.

पहिले तीन आठवडे तिचा गृहपाठ वेळेवर आला. चौथ्यात उशिरा. पाचव्यात नाही. कॅनव्हसमध्ये प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो शेवटचा कधी आत आला होता ती तारीख दिसते. तिच्या नावापुढची तारीख तशीच राहिली. मी ईमेल पाठवली. खरं सांगायचं तर तिला नाही, 'पाच दिवसांपेक्षा जास्त गैरहजर' अशा सगळ्यांना एकदम एकच पाठवली. नाव तेवढं मशीनने बदललं. उत्तर नाही. दोन आठवड्यांनी तिने कोर्स सोडल्याची नोंद आली. त्याच आठवड्यात आबा गेले. मला म आठवायला डिसेंबर उजाडला.

त्या सत्रात माझ्या दोन्ही वर्गांतून जितकी मुलं गळाली तितकी प्रत्यक्ष वर्गात कधीच गळाली नव्हती. (हो, माहीत आहे. दोन वर्गांवरून निष्कर्ष काढायचा नाही, मीच शिकवते ते. पण ती माझीच पोरं होती, नमुना नव्हता.)

पुढच्या मार्चमध्ये म मला भेटली. मेक्सिकन बेकरीत. तिथे शंखासारखी नक्षी असलेला एक गोड पाव मिळतो, त्याला कोंचा म्हणतात, तो मला आपल्या नानकटाईच्या भावासारखा वाटतो. (पावाला ते 'पान' म्हणतात. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे एकाच घराण्यातले दोघे.) रांगेत माझ्या पुढे ती. मला बघून आधी दचकली, मग हसली. आणि पहिला प्रश्न, "मिस, तुमचे बाबा कसे आहेत?"

मला क्षणभर कळेना हिला कसं माहीत. मग आठवलं. सत्राच्या चौथ्या आठवड्यात मीच कॅनव्हसवर सूचना लावली होती: माझे वडील आजारी आहेत, मी भारतात आहे, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

मी सांगितलं, गेले. तिने छातीवर क्रूस केला आणि स्पॅनिशमध्ये त्यांच्या आत्म्याला शांती मागितली, रांगेत, हातात चिमटा आणि पावाची थाळी असताना. मग मी विचारलं, तू का सोडलंस? मला का नाही लिहिलंस?

ती म्हणाली, "मला पाचव्या धड्यापासून काहीच कळत नव्हतं. पण तुमचे बाबा आजारी होते. त्यात मी कुठे तुम्हाला त्रास देऊ?"

मी काही बोलले नाही. काय बोलणार? यांच्याकडे रेस्पेतो नावाची गोष्ट आहे. वडीलधाऱ्यांचा, शिक्षकांचा आब राखणं, त्यांच्या वेळेत घुसायचं नाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मी स्वतः विलिंग्डनला असताना सरांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलेय, आत शिरायला धीर झाला नाही म्हणून. वर्गात असतं तर मने वही पुढे केलीच नसती, पण ती माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली असती. माझा चेहरा बघून तिला कळलं असतं की आज विचारावं की नाही. आणि तिचा चेहरा बघून मला कळलं असतं. ऑनलाइनमध्ये शंका विचारायला चोवीस तास सोय आहे, पण ती 'विचारावी' लागते. दप्तर आवरायला उशीर लावण्याची सोय नाही.

आणि एक गोष्ट तिने त्या दिवशी बेकरीच्या बाहेर सांगितली, ती मी तेव्हापासून विसरलेले नाही. ती म्हणाली, कॉलेजला जायचे तेव्हा मी कॉलेजला गेलेली असायचे. घरी बसून करायला लागले तेव्हा मी घरी असायचे.

ज्यांना वाक्य साधं वाटलं त्यांनी पुन्हा वाचा. आपल्या बायकांना तर समजावून सांगायची गरजच नाही. घरात दिसणारी मुलगी ही रिकामी मुलगी असते. लॅपटॉप उघडा असला तरी. "जरा भात बघ", "जरा दार उघड", "जरा याला सोडून ये". माझा एसटीचा पास होता तेव्हा. तासगाव ते सांगली, लाल डबा. त्या पासचे पैसे आबा दर महिन्याला मोजून द्यायचे, आणि आई दर महिन्याला विचारायची की बाहेरून परीक्षा नाही का देता येत? एसटीत बसले की मी कुणाची मुलगी, बहीण, नात नसायचे, तासभर नुसती विद्यार्थिनी असायचे. माझी डिग्री त्या पासवर झाली असं मी म्हणते, त्यात अतिशयोक्ती नाही. आणि मीच मच्या हातातला पास काढून घेऊन तिला लवचिकता दिली.

फ्लोरिडाचा तो निबंध मी त्या रात्री पुन्हा काढून वाचला. या वेळी राग आला नाही. ही पोरं स्क्रीनवरून शिकू शकत नाहीत असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं, ते मीच वाचलं होतं. वर्ग काढून घेतल्यावर कुणाचं जास्त नुकसान होतं एवढंच त्यात होतं.

इथे कुणी म्हणेल, झालं, मग बंद करा ऑनलाइन. मीही त्या आठवड्यात तसंच म्हणत फिरत होते. पण त्याच तासगावच्या सत्रात अजून एक जण होती. वय चाळीशीच्या जवळ, दोन मुलं, गोदामात रात्रपाळी. तिने माझं प्रत्येक लेक्चर थांबवून थांबवून बघितलं, काही भाग चार-चार वेळा. इंग्रजी कळलं नाही तर खालची अक्षरं स्पॅनिशमध्ये करून घेतली. वर्गात मी एकदा बोलले की गेलं, हात वर करून "पुन्हा सांगा" म्हणायला हिंमत लागते. पॉज बटणाला लागत नाही. ती ए घेऊन पास झाली, आता नर्सिंगकडे गेलीय. संध्याकाळी सहाच्या वर्गाला ती आयुष्यात आली नसती. तिला कुठल्या तोंडाने सांगू की तुझ्यासारख्यांच्या हिताचं नाही म्हणून बंद करतोय?

पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कुलातले हायमे एस्कलांते अनेकांना माहीत असतील, त्यांच्यावर १९८८ मध्ये 'स्टँड अँड डिलिव्हर' सिनेमा आला होता. बोलिव्हियातून आलेला गणिताचा मास्तर. १९८२ मध्ये त्यांची १८ मुलं कॅल्क्युलसच्या परीक्षेत पास झाली, तर परीक्षा घेणाऱ्यांना संशय आला, १४ जणांना पुन्हा बसायला सांगितलं. १२ बसली, बाराही पास. आमच्याकडे प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी त्यांचं नाव घेतंच, वर्गातल्या शिक्षकाची जादू म्हणून. मला हल्ली त्या नावाचा थोडा कंटाळा येतो. सगळ्यांना जादूगार कसं होता येईल? जादू नसलेल्या, दोन-तीन कॉलेजांत धावपळ करणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या मास्तरांनी काय करायचं ते बोला की.

मी काय करते ते सांगते, फार मोठं नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या हजारो विद्यार्थ्यांचा जॅगर्स आणि शू या दोघींनी अभ्यास केला होता, त्यातही ऑनलाइनमध्ये कमजोर मुलं जास्त मागे पडतात असंच निघालं. पण याच दोघींनी पुढे २०१६ मध्ये ऑनलाइन कोर्स कसे रचलेत हे तपासलं. सुबक मांडणी, उद्दिष्टं, तंत्रज्ञान, सगळं बघितलं, आणि मार्कांशी नातं दिसलं ते एका गोष्टीचं. शिक्षक आणि मुलं एकमेकांशी खरोखर किती बोलतात. बाकी सगळी सजावट.

म्हणून आता माझ्या ऑनलाइन वर्गाचा पहिला गृहपाठ म्हणजे मला फोन करणे. दहा मिनिटं, गणित बोलायचं नाही. काम काय करतोस, अभ्यास कुठे बसून करणार, घरात कोण कोण. कुणी पाच दिवस दिसलं नाही तर मशीनची ईमेल नाही, मी स्वतः फोन करते. पहिल्या दोन आठवड्यांत घसा बसतो. काही जण फोन उचलतच नाहीत, आणि हल्ली तर काही नावं माणसांची नसतातच, मदतीचे पैसे लाटायला खोटे विद्यार्थी भरती होतात, तो एक निराळाच वैताग. पण एका मुलीने फोनवर सांगितलं की मी गाडीत बसून अभ्यास करते, घरासमोर लावलेल्या, कारण घरात गेलं की भाऊ सोडत नाहीत. तिला मी कॉलेजच्या लायब्ररीतली खोली लावून दिली, आठवड्यातून दोन दिवस. तिच्या आईला ती सांगते, वर्ग आहे. मी पण सांगते, वर्ग आहे. खोटं तर खोटं.

आणि संध्याकाळचा एक वर्ग मी भांडून परत प्रत्यक्ष करून घेतला. मंगळवार-गुरुवार. मुलं कमी येतात, दर सत्रात तो बंद व्हायची टांगती तलवार असते. म त्यात आली होती, बेकरीनंतरच्या हिवाळ्यात. आमच्याकडे तेव्हा टुली धुकं पडतं, दहा फुटांवरचं दिसत नाही. दोघी खांब मोजत गाडीपर्यंत जायचो. सी मिळाला तिला. बी नाही, सी. मी लिहिताना बी लिहावा असं वाटून गेलं, पण सी.

असो. हे सगळं वहिनीला फोनवर कसं सांगायचं? काल केला फोन. जमेल तेवढं सांगितलं. एसटीच्या पासचंही सांगितलं. वहिनी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे नको म्हणता का?"

म्हटलं, "नको नाही म्हणत. तो कामावरून आल्यावर बसणार कुठं ते आधी ठरवा. आबांची माडीवरची खोली द्या त्याला, आणि त्या वेळात दळण आणायला पाठवू नका. आणि द्या त्याला फोन, मी बोलते."

भाचा फोनवर आला. मी व्हिडिओ लावला. समोर काळा चौकोन आणि त्याचं नाव.

"कॅमेरा लाव की रे."

"आत्या, नेट स्लो आहे."

मी म्हटलं, बाळा, हे वाक्य मी २०२० पासून ऐकतेय. लाव कॅमेरा.

लावला. दाढी वाढवलीय गाढवाने. आबांसारखा दिसायला लागलाय.